किलकिलं दार : अबूंच्या बाथटबच्या व्यंगचित्राचा प्रकरण अभ्यास

बुधवार, १० डिसेंबर १९७५. आणीबाणी लागून साडेपाच महिने झाले होते. त्या दिवशी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अबू अब्राहम यांचं एका चौकटीचं व्यंगचित्र आलं. राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद बाथटबमध्ये बसलेत. अंग उघडं आहे. टबाच्या कडेनं जेवढं झाकायचं तेवढं झाकलंय. आंघोळीच्या खोलीचं दार किलकिलं आहे. सही केलेला कागद राष्ट्रपती दाराकडे परत देताहेत आणि तो घ्यायला बाहेरून एक हात आत आलाय. खाली एक ओळ आहे. मूळ ओळ इंग्रजीत. मराठीत ती साधारण अशी होईल : ‘आणखी वटहुकूम असतील, तर त्यांना जरा थांबायला सांगा.’

चौकटीत एवढंच आहे. पोलीस नाहीत, तुरुंगाचे गज नाहीत, संसदेचा घुमट नाही. ज्या व्यक्तीमुळे हे सगळं घडत होतं ती पंतप्रधानही नाही. तरीही आणीबाणीची आठवण निघाली की पहिलं आठवतं ते हेच चित्र. ते का टिकलं, त्यातल्या कोणत्या भागानं कोणतं काम केलं आणि ते चित्र आज वापरताना लोक नेमकं कुठे चुकतात, हे इथे तपशिलात पाहायचं आहे.

आधी तारखेचा घोळ

दर २५ जूनला हे चित्र फिरतं आणि त्याखाली लिहिलेलं असतं : ‘राष्ट्रपतींनी आणीबाणीवर सही केली ती अशी.’ हे चूक आहे, आणि या चुकीनं चित्राचा अर्थच बदलतो.

२५ जूनच्या रात्री ज्या कागदावर सही झाली ती आणीबाणीची उद्घोषणा होती, राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५२ खालची. अबूंच्या ओळीत शब्द आहे तो वटहुकूम, म्हणजे अनुच्छेद १२३. हे दोन अधिकार पूर्ण वेगळे आहेत. आणीबाणीची उद्घोषणा एकदाच झाली. वटहुकूम मात्र महिनोन् महिने एकामागून एक निघत राहिले. अबूंचं बोट त्या रांगेवर आहे. ‘आणखी’ हा शब्द तिथूनच येतो.

संसदेची दोन्ही सभागृहं एकाच वेळी बसलेली नसतील आणि तातडीची गरज असेल, तेव्हाच वटहुकूम काढता येतो. संसद पुन्हा भरली की तो तिच्यापुढे ठेवावा लागतो आणि तिनं मंजूर केला नाही, तर सहा आठवड्यांनी तो आपोआप संपतो. १९७५ मध्ये पावसाळी अधिवेशन ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात संपलं आणि त्यानंतर संसद भरली ती ५ जानेवारी १९७६ ला. मधले जवळपास पाच महिने कायदे होत होते ते राष्ट्रपती भवनातल्या सहीनं.

हे सगळेच वटहुकूम वाईट नव्हते, हेही इथे नोंदवलं पाहिजे. वेठबिगारी बंद करणारा, स्त्री-पुरुषांना समान वेतन देणारा, प्रादेशिक ग्रामीण बँका उभ्या करणारा, हे सगळे त्याच सप्टेंबर-ऑक्टोबरमधले वटहुकूम आहेत. २९ जूनला ‘मिसा’, म्हणजे खटल्याशिवाय स्थानबद्ध करू देणारा कायदा, आणखी कडक करणारा वटहुकूमही त्याच वाटेनं आला होता. कागदावर काय लिहिलंय याबद्दल अबूंचं चित्र काहीच बोलत नाही. कागद कोणत्या वाटेनं जातो, एवढंच ते दाखवतं. कागदावरचा मजकूर वाचकाला दिसत नाही, आणि तो न दिसणं हाच चित्राचा आरोप आहे, कारण सही करणाऱ्यानंही तो वाचलेला नाही.

सोमवारी काय झालं होतं

चित्र बुधवारचं. त्याच्या दोनच दिवस आधी, सोमवारी ८ डिसेंबरला, वर्तमानपत्रांवर थेट येणारे तीन वटहुकूम निघाले होते. एकानं ‘आक्षेपार्ह मजकूर’ छापायला बंदी घातली आणि छापखान्याकडून अनामत मागण्याची, ती जप्त करण्याची सोय केली. दुसऱ्यानं १९६६ पासून काम करणारी प्रेस कौन्सिल मोडीत काढली. तिसऱ्यानं १९५६ चा एक कायदा रद्द केला. संसदेत बोललं गेलेलं जसंच्या तसं छापलं, तर खटल्यापासून संरक्षण देणारा तो कायदा होता. तो फिरोज गांधींनी खाजगी विधेयक म्हणून आणला होता. म्हणजे तो रद्द झाला त्यांच्या पत्नीच्या सरकारकडून.

पहिल्या वटहुकमाच्या जागी १९७६ मध्ये जो कायदा आला, त्यात आक्षेपार्ह मजकुराच्या व्याख्येत राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान, लोकसभेचे सभापती आणि राज्यपाल यांची बदनामी करणारा मजकूर स्पष्टपणे घातलेला आहे. असभ्य आणि बीभत्स मजकूरही त्याच व्याख्येत आहे. आता हा क्रम पाहा. सोमवारी असा हुकूम निघतो, मंगळवारी त्याची बातमी वाचकाच्या हातात असते आणि बुधवारी त्याच वाचकापुढे उघड्या अंगाचे राष्ट्रपती येतात. चालू घडामोडींवरचं भाष्य याचा अर्थ हा. वाचकाच्या डोक्यात बातमी अजून गरम आहे, म्हणून व्यंगचित्रकाराला ती पुन्हा सांगावी लागत नाही. हेच चित्र फेब्रुवारीत आलं असतं, तर बाजूला एक परिच्छेद लिहावा लागला असता.

अबू आणि सेन्सॉर

अबूंचं पूर्ण नाव अट्टुपुरथु मॅथ्यू अब्राहम. जन्म १९२४ चा, केरळातल्या मावेलिक्कराचा. पत्रकारितेची सुरुवात मात्र मुंबईत, ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये बातमीदार म्हणून झाली. मग दिल्लीत ‘शंकर्स वीकली’, १९५३ मध्ये लंडन, तिथे १९५६ पासून दहा वर्षं ‘ऑब्झर्व्हर’ आणि पुढे ‘गार्डियन’. १९६९ मध्ये ते परत आले आणि ‘इंडियन एक्स्प्रेस’चे राजकीय व्यंगचित्रकार झाले. १९७२ ते १९७८ ते राज्यसभेचे राष्ट्रपतिनियुक्त सदस्यही होते. राष्ट्रपतींच्या सहीनं सभागृहात गेलेल्या माणसानं राष्ट्रपतींच्या सहीवरच चित्र काढलं. बातमीदारीचं मूळ आणि संसदेतलं आसन, या दोन्हींमुळे कागद कुठून निघतो आणि कुठे पोहोचतो हे त्यांना आतून माहीत होतं. या चित्रात ती माहिती दिसते.

२६ जूनला भारत संरक्षण व अंतर्गत सुरक्षा नियमांखाली पूर्वतपासणी लागू झाली. पानं किंवा गॅल्या (जुळवलेल्या मजकुराचे कच्चे छाप) सेन्सॉरकडे न्यायच्या, शिक्का आला तर छापायच्या, लाल रेघ आली तर काढून टाकायच्या. २८ जूनला ‘इंडियन एक्स्प्रेस’नं अग्रलेखाची जागा कोरी सोडली. पुढे कोरी जागा सोडायलाही मनाई झाली. ‘शंकर्स वीकली’ ३१ ऑगस्टला बंद झालं. तपासणीचा जाच मात्र सगळा वेळ सारखा नव्हता. तो कधी सैल पडायचा, कधी पुन्हा आवळला जायचा. नामंजूरचा शिक्का बसलेली अबूंची चित्रं आणीबाणी उठल्यावर, १९७७ मध्ये, पुस्तकात आली.

सेन्सॉरनं हात कुठवर घालायचा हा प्रश्न मुंबईत कोर्टातही गेला. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकातला मजकूर सेन्सॉरनं अडवला, मसानी उच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये न्या. मदन आणि न्या. कनिया यांच्या खंडपीठानं निकाल मसानींच्या बाजूनं दिला. सगळी वर्तमानपत्रं एका सुरात बोलायला लावणं हे सेन्सॉरचं काम नव्हे, असं खंडपीठानं म्हटलं. आणीबाणी चालू असताना हा निकाल आला, हे विसरू नये.

चित्र जवळून

राजकीय व्यंगचित्रात साधारण चार अवयव असतात : ओळखू येणारा चेहरा म्हणजे अर्कचित्र, प्रसंग, एखादी वस्तू जी रूपकाचं काम करते, आणि ओळ. शिकाऊ चित्रकार चारही एकदम मोठ्यानं वाजवतो. इथे चेहरा ओळखू येण्यापुरता आहे. नाक फुगवलेलं नाही, डोळे बाहेर काढलेले नाहीत, नावाची पाटी नाही. सगळा भार प्रसंगावर आणि ओळीवर टाकलाय.

प्रसंग आंघोळीचा. आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला थांबवायचं सर्वमान्य कारण कोणतं? ‘आंघोळीला गेलेत’ किंवा ‘पूजेला बसलेत.’ एवढं कानावर पडलं की कितीही मोठा माणूस ओसरीवर निमूट बसतो. कुणी वाद घालत नाही. म्हणजे माणसाला स्वतःसाठी मिळणारा जो हक्काचा वेळ, त्यातला हा शेवटचा तुकडा. अबूंच्या चित्रात नेमका तो तुकडाही कागदानं खाल्लाय. आंघोळ इथे लाज काढायला आलेली नाही, ती वेळ दाखवायला आलीय. राष्ट्रपतींना टबातून उठून टॉवेल गुंडाळायलाही मिनिट मिळत नाही, मग तो वटहुकूम वाचायला कुठून मिळणार? वेग हा या चित्राचा खरा विषय आहे.

मग दार. पूर्ण उघडं असतं तर कागद आणणारा माणूस खोलीत आला असता. त्याला चेहरा, पद, पोशाख द्यावा लागला असता, आणि वाचक तो कोण हे ओळखण्यात गुंतला असता. पूर्ण बंद असतं तर कागद जाणार कुठून? किलकिल्या दारातून कागद घेणारा हात पुरतो. हा हात कुणाचाही असू शकतो : शिपायाचा, सचिवाचा, पंतप्रधानांच्या माणसाचा. २५ जूनच्या रात्री उद्घोषणेचा मसुदा पंतप्रधानांच्या कार्यालयातल्या आर. के. धवन यांनी राष्ट्रपती भवनात नेला होता, आणि मंत्रिमंडळाला सकाळी सहाला, सही झाल्यावर, कळलं होतं. हे तपशील आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगापुढे १९७७-७८ मध्ये उजेडात आले. व्यंगचित्रकारानं डिसेंबर १९७५ मध्येच वाट बरोबर रेखली होती.

ओळ शब्दाशब्दानं

‘आणखी.’ म्हणजे आधी बरेच झालेत. या एका शब्दात मागचे महिने येतात. आकडा द्यावा लागत नाही.

‘असतील, तर.’ आहेत का नाहीत हे राष्ट्रपतींना माहीत नाही. वटहुकूम राष्ट्रपतींच्या नावानं निघतो, राष्ट्रपतींची तशी खात्री पटल्यावर निघतो, असं घटना म्हणते. शिवाय ऑगस्ट १९७५ मध्ये अडतिसाव्या घटनादुरुस्तीनं त्या खात्रीला कोर्टात आव्हान द्यायची वाटही बंद केली होती. ज्यांची खात्री अंतिम, त्यांनाच पुढचा कागद कसला ते ठाऊक नाही.

‘त्यांना.’ सगळ्या ओळीत हा शब्द सर्वांत जड आहे. हे ‘ते’ कोण? नाव नाही, चित्र नाही. १९७५ च्या एकाही वाचकाला मात्र ते विचारावं लागलं नाही. सेन्सॉर लाल रेघ मारणार ती शब्दावर किंवा चेहऱ्यावर. इथे तो चेहरा चौकटीबाहेर आहे आणि शब्द एक निरुपद्रवी सर्वनाम.

‘जरा थांबायला सांगा.’ नकार नाही. ‘सही करणार नाही’ असं नाही, ‘वाचून पाहतो’ असंही नाही. अंग पुसेपर्यंत थांबा, एवढीच विनंती, तीही दुसऱ्याच्या तोंडून. देशाचं सर्वोच्च पद एवढीच मागणी करू शकतं, हे कळलं की हसू येतं आणि लगेच घशात काहीतरी अडकतं.

या ओळीत एकही शाब्दिक कोटी नाही, म्हणून ती कुठल्याही भाषेत जाते. सेन्सॉरवरच्या अबूंच्याच दुसऱ्या एका चित्रातली ओळ इंग्रजी शब्दांच्या उच्चारसाम्यावर उभी आहे; ती मराठीत आणली की मरते. रोजच्या चित्रासाठी कोटी चालते. ज्या चित्रानं चालू प्रसंगापलीकडे जगावं अशी इच्छा असेल, त्याची ओळ साध्या बोलण्यातली ठेवावी.

बदल करून पाहा

एखादं व्यंगचित्र कशानं उभं आहे हे समजून घ्यायचा हुकमी मार्ग म्हणजे त्यातला एकेक भाग काढून किंवा बदलून पाहणं. ट्रेसिंग पेपर घ्या, चौकट उतरवून घ्या आणि प्रत्येक वेळी एकच बदल करा.

दाराबाहेर इंदिरा गांधी काढा. चित्र लगेच दोन माणसांच्या भांडणाचं होतं. वाचक साडी आणि केसांची पांढरी बट पाहत बसतो, कागद मागे पडतो. आणि त्या काळी ते सेन्सॉरच्या टेबलावरूनही परत आलं नसतं.

बाथटबऐवजी पलंग द्या. राष्ट्रपती झोपेत सही करताहेत. हा बदल अनेकांना सुचतो आणि तो वाईट आहे. झोपलेला माणूस बेसावध असतो, त्याला फसवलं असं म्हणता येतं. टबातला माणूस जागा आहे, पेन त्याच्या हातात आहे. जबाबदारी त्याच्यावर राहते ती जागेपणामुळे.

कागदावर ‘मिसा’ लिहा. एका दिवसापुरतं चित्र धारदार होईल आणि त्या एका कायद्यापुरतं उरेल. वेठबिगारी संपवणारा वटहुकूम काढणाऱ्या सरकारचा प्रवक्ता मग सहज विचारेल, चांगल्या वटहुकमांचं काय? कोऱ्या कागदाला हा प्रश्न विचारता येत नाही.

ओळ बदलून ‘आता मी सही करणार नाही’ लिहा. राष्ट्रपती नायक होतात. ‘द्या, सगळ्यांवर करतो’ लिहा, ते विदूषक होतात. मूळ ओळीत ते दोन्ही नाहीत. एका बड्या पदावरचा, सभ्य, थोडा कंटाळलेला माणूस आपल्यापुढे येतो. त्या सभ्यतेमुळेच चित्र बोचतं.

ओळ फुग्यात टाका. फुग्यानं चौकटीचा वरचा भाग व्यापला की दार आणि टब यांमधली मोकळी जागा जाते. ती जागा हवीच, कारण कागद तिथूनच प्रवास करतो. ओळ खाली असली की वाचक आधी चित्र पाहतो, मग वाचतो, आणि पुन्हा चित्राकडे जातो. हसू त्या दुसऱ्या फेरीत येतं.

रेषा आणि छपाई

अबूंची रेषा कमी आणि मोकळी आहे. त्यात त्यांचा स्वभाव आहे, पण त्या काळच्या छपाईचा हिशेबही आहे. दैनिकं तेव्हा बहुतांशी लेटरप्रेसवर निघत. चित्र पांढऱ्या कागदावर काळ्या शाईत काढायचं, प्रोसेस कॅमेऱ्यानं फोटो घेऊन जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचं, आम्लानं खोदून लाइन ब्लॉक करायचा आणि तो खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांच्या, शेजारी फर्म्यात बसवायचा. लाइन ब्लॉकला फक्त काळं आणि पांढरं कळतं. करडी छटा हवी तर हाफटोन, म्हणजे ठिपक्यांची जाळी. ती वर्तमानपत्री कागदावर मळकट दिसते आणि वेळही खाते.

चित्र साधारण छापायच्या आकाराच्या दीडपट ते दुप्पट काढतात. दुप्पट काढलं तर मूळ ०.४ मिलिमीटरची रेषा छापून ०.२ ची होते. त्याहून बारीक रेषा खोदताना तुटते. उलट बाजूनं, वर्तमानपत्राचा कागद शाई पितो आणि रेषा फुगते, म्हणून दोन रेघांमधली पांढरी फट रेषेएवढी तरी हवी. नाही तर तिरप्या रेघांची छाया छापून काळा डाग होते. चित्रात काळा भराव कुठे टाकायचा हे या हिशेबानं ठरवावं लागतं : जिथे डोळा थांबायला हवा तिथे, आणि शक्यतो एकाच ठिकाणी.

आज ऑफसेट आणि पडदा असला तरी हा धडा तसाच लागू आहे. दैनिकाचं चित्र आता बहुतेक लोक सहा-सात सेंटिमीटर रुंदीच्या फोनवर पाहतात. मोठ्या टॅब्लेटवर झूम करून काढलेली बारीक नक्षी तिथे नाहीशी होते. चित्र पूर्ण झालं की ते सहा सेंटिमीटरला छोटं करून हातभर अंतरावरून पाहावं. चेहरा, हात, कागद यांतलं काही ओळखू येत नसेल, तर रेषा जाड करायची नाही, रेषा कमी करायच्या.

हे चित्र राष्ट्रपतींवर अन्याय करतं का

हा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. ऑगस्ट १९७४ मध्येच शमशेर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी सांगितलं होतं की राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं वागतात; स्वतःच्या मर्जीनं नाही. म्हणजे फखरुद्दीन अली अहमद यांनी सही केली ती घटनेप्रमाणेच, असं म्हणता येतं. मग दोष त्यांचा कसा?

उत्तर चित्रातच आहे. अबूंनी सहीला दोष दिलेला नाही, घाईला दिलाय. सल्ला बंधनकारक असला तरी प्रश्न विचारायला, खुलासा मागायला, फेरविचार करा म्हणायला तेव्हाही मज्जाव नव्हता. आणि पुढच्या काळातल्या दोन राष्ट्रपतींनी ते करून दाखवलं. मार्च १९९६ मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, शंकर दयाळ शर्मा यांनी दोन वटहुकमांवर सही केली नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये दोषी लोकप्रतिनिधींना वाचवणाऱ्या वटहुकमावर प्रणव मुखर्जींनी मंत्र्यांना बोलावून विचारणा केली. २ ऑक्टोबरला मंत्रिमंडळानं तो मागे घेतला. दोन्ही वेळा राष्ट्रपतींनी केलं ते एवढंच : त्यांना थांबायला सांगितलं. टबातल्या राष्ट्रपतींची ओळ, पण कपडे घालून आणि कागद वाचून. म्हणून आमच्या मते चित्र कठोर आहे, अन्यायी नाही.

वटहुकमांच्या रांगेची पुढची गोष्ट पुण्याची आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले डॉ. डी. सी. वाधवा बिहारच्या जमीन कायद्यांचा अभ्यास करत होते. तेच ते वटहुकूम विधानसभेपुढे न नेता पुन्हा पुन्हा काढले जात असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. १९६७ ते १९८१ या काळातले असे २५६ वटहुकूम त्यांनी मोजून काढले; काही तर दहा वर्षांहून जास्त जगले होते. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २० डिसेंबर १९८६ ला न्यायालयानं ही पद्धत म्हणजे घटनेशी केलेली फसवणूक आहे असं म्हटलं. २ जानेवारी २०१७ ला कृष्णकुमार सिंग प्रकरणात सात न्यायमूर्तींनी ते पुन्हा बजावलं. संशोधकानं सरकारी राजपत्रं चाळून जे सिद्ध केलं, ते अबूंच्या ‘आणखी’ या शब्दात अकरा वर्षं आधी छापलेलं होतं. संविधान शिकवताना वाधवांचा निकाल आणि हे चित्र शेजारी शेजारी ठेवावं. अनुच्छेद १२३ विद्यार्थ्याच्या डोक्यातून जात नाही.

पुन्हा छापताना

हे चित्र वापरणाऱ्यांच्या हातून तीन गोष्टी बिघडतात. कडा कापताना दार अर्धवट जातं. मग उरतो फक्त टबातला माणूस, म्हणजे निव्वळ टिंगल. ओळ गळते, किंवा मराठी करताना ‘त्यांना’च्या जागी ‘पंतप्रधानांना’ घातलं जातं. असं भाषांतर करू नये. आणि तारीख चुकते. चित्राखाली एवढं तरी असावं : अबू अब्राहम, इंडियन एक्स्प्रेस, १० डिसेंबर १९७५. त्याशेजारी एका वाक्यात ८ डिसेंबरचे तीन वटहुकूम सांगावेत, कारण आजच्या वाचकाच्या डोक्यात ती बातमी नाही.

हक्कांचाही विचार हवा. अबू १ डिसेंबर २००२ ला गेले. आपल्या कायद्यात लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून साठ वर्षं हक्क टिकतो. म्हणजे त्यांच्या चित्रांवरचे हक्क २०६२ अखेरपर्यंत आहेत. समीक्षा किंवा परीक्षणासाठी, नाव देऊन, योग्य प्रमाणात चित्र वापरायला कायदा मुभा देतो. कॅलेंडर, टी-शर्ट किंवा प्रचाराच्या फलकासाठी परवानगी घ्यावीच लागते.